पराभवानंतरचा पक्ष

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या राजमार्गावर, नळदुर्गच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, अणदूर नांवाचें मोठें गांव आहे. उस्मानाबाद, म्हणजे हल्लींच्या धाराशिव, जिल्ह्यांतील तुळजापूर तालुक्यांत तें मोडतें. श्रीखंडोबाचें स्थान म्हणून त्याची ख्याति आहे. येथील देव वर्षांतून सव्वादहा महिने अणदुरास राहतो आणि मार्गशीर्षापासून पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास मुक्काम करतो. दोन्ही गांवांचे मानकरी त्या वेळीं लेखी करार करून देवाची पाठवणी करतात. १९४८ च्या सप्टेंबरच्या १३ तारखेस हिंदी सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें, तेव्हां त्याची पहिली मोठी झुंज झाली ती याच रस्त्यावर, नळदुर्गास.

राजकारणांत मात्र अणदूर काँग्रेसचें म्हणून ओळखलें गेलें. येथील सि. ना. आलुरे गुरुजी हे १९८० सालीं तुळजापुरांतून विधानसभेवर गेले. येथीलच मधुकरराव चव्हाण १९९० सालीं निवडून आले आणि पुढें १९९९ पासून सलग चार वेळां. एका गांवांतून तालुक्याचे दोन आमदार निघावेत हें थोडें नव्हे. परंतु या दोघांच्या काळांत तालुक्यांत काँग्रेसच्या समोर जो पक्ष उभा राहत आला, त्याची कहाणी अणदूरच्या वेशीवर कोणी लिहून ठेवलेली नाहीं. तो पक्ष म्हणजे लाल बावट्याचा शेतकरी कामगार पक्ष. जिंकलेल्या निवडणुकांपेक्षां हरलेल्या निवडणुकाच त्याच्या वांट्याला अधिक आल्या. आणि प्रत्येक पराभवानंतर त्याच्या पुढाऱ्यांस एकच प्रश्न सोडवावा लागला : आतां कोणाच्या मागें आणि कोणत्या वाटेनें जावयाचें?

हा पक्ष जन्मला तो काँग्रेसच्या घरांतच. पुण्याचे केशवराव जेधे हे ब्राह्मणेतर चळवळीचे अग्रणी. १९३० सालीं ते काँग्रेसमध्यें आले, आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतला शेतकरी काँग्रेसच्या मांडवाखालीं आला. पुढें जेधे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षहि झाले. परंतु १९४६ सालीं मुंबईत खेरांचें मंत्रिमंडळ पुन्हां अधिकारावर आलें, तेव्हां शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांस असें वाटूं लागलें कीं, तुरुंगांत जाण्याच्या वेळीं आपण आणि कारभाराच्या वेळीं दुसरे. लेव्हीचें धान्य, महागाई आणि कुळांची असुरक्षितता यांमुळें खेड्यांत असंतोष होताच. त्यांतून जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं काँग्रेसच्या आंत राहून शेतकरी कामगार संघ स्थापला. १९४७ सालीं त्याचा पक्ष झाला. आणि काँग्रेसनें पोटपक्षांस मनाई केल्यावर पुढच्या वर्षीं ही मंडळी बाहेर पडलीं.

बाहेर पडणें सोपें होतें. बाहेर राहून आपण कोण हें ठरविणें कठीण होतें. काँग्रेसमध्यें असतांना तक्रार एवढीच होती कीं कारभारांत बहुजनसमाजास वांटा मिळत नाहीं. पक्ष वेगळा झाल्यावर ती तक्रार पुरेशी पडेना. १९५० सालीं नाशिक जिल्ह्यांतील दाभाडी येथें अधिवेशन भरलें आणि तेथें जो प्रबंध मान्य झाला, त्यानें पक्षास मार्क्स-लेनिनच्या मार्गाचा अनुयायी म्हणून जाहीर केलें. सत्यशोधकी भजनें आणि जलसे ऐकून वाढलेल्या माळकरी शेतकऱ्याच्या हातीं एकाएकीं वर्गयुद्धाचा ग्रंथ आला. ज्यांना तो ग्रंथ पुरेसा लाल वाटला नाहीं आणि ज्यांना तो फार लाल वाटला, असे दोन तट पक्षांत पडले. दत्ता देशमुखांसारखे तडफदार कार्यकर्ते वेगळे होऊन कामगार किसान पक्ष म्हणून उभे राहिले. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली असतां घरांत वांटणी झाली.

१९५२ चा निकाल लागला तेव्हां मुंबई राज्याच्या विधानसभेंतील ३१५ जागांपैकीं काँग्रेसला २६९ मिळाल्या आणि शेतकरी कामगार पक्षास अवघ्या १४. ज्या पुढाऱ्यांच्या सभांस हजारोंनीं शेतकरी जमत, त्यांचे उमेदवार तालुक्यामागून तालुक्यांत पडले. मतें मिळालीं नाहींत असें नव्हे, तीं फुटलीं. एकाच मतदारसंघांत काँग्रेसविरुद्ध समाजवादी, कामगार किसान, शेतकरी कामगार आणि अपक्ष असे चारचार उमेदवार उभे राहिले म्हणजे काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांतहि निवडून येतां येतें, हा हिशेब त्या वेळीं फारच थोड्यांच्या ध्यानांत आला होता. जेथें तो ध्यानांत आला तेथें फळहि मिळालें. सोलापूरच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघांतून शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्षातर्फे आणि पां. ना. राजभोज शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे निवडून आले. लोकसभेंत पक्षाचे दोनच सभासद गेले : मोरे, आणि परभणीचे नारायणराव वाघमारे. पक्षाचे मूळ पुरुष जेधे त्यांत नव्हते.

सोलापूर म्हणजे अणदूरकरांची बाजारपेठ. परंतु त्या वेळीं मध्यें राज्याची सीमा होती. अणदूर हैदराबाद राज्यांत. तेथेंहि त्याच वेळीं पहिली निवडणूक झाली आणि १७५ जागांच्या विधानसभेंत काँग्रेसला ९३, कम्युनिस्टांच्या पुढाकारानें लढणाऱ्या आघाडीस ४२, समाजवाद्यांस ११ आणि शेतकरी कामगार पक्षास १० जागा मिळाल्या. दहा हा आंकडा दिसावयास लहान आहे. पण पक्षाचें क्षेत्र मराठी जिल्ह्यांपुरतेंच होतें हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचें वजन कळतें. या दहांत उस्मानाबादचे एक तरुण वकील होते. त्यांचें नांव उद्धवराव पाटील.

पराभवानंतर दोन ठिकाणीं दोन निराळे विचार सुरू झाले. पुण्यामुंबईकडे पक्षाची वरिष्ठ मंडळी पराभवाची मीमांसा करीत बसलीं. ती मीमांसा बहुतेक तत्त्वाची होती. दाभाडीचा प्रबंध चुकला कीं त्याचा अंमल चुकला. शेतकऱ्यानें पुढारीपण करावें कीं कामगारानें. कम्युनिस्टांशीं सख्य करावें कीं अंतर ठेवावें. असले वाद झडत राहिले. इकडे काँग्रेस बदलत होती. कूळकायदे होत होते; पंडित नेहरूंच्या तोंडीं समाजवादाची भाषा येऊं लागली होती; आणि यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासारखे ग्रामीण बहुजनसमाजांतून आलेले पुढारी काँग्रेसमध्यें वर चढत होते. ज्या तक्रारीवर पक्ष उभा होता, तिचा पायाच खालून सरकूं लागला. १९५४ सालीं केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसमध्यें परत गेले. संस्थापकच निघून गेल्यावर मागें राहिलेल्यांची स्थिति घरमालक गेल्यावर राखणदाराची होते तशी झाली.

जेध्यांवर लोभाचा आरोप करणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पक्ष काढला तो बहुजनसमाजास सत्तेंत वांटा मिळावा म्हणून. तो वांटा काँग्रेसच्या द्वारें मिळत असेल तर वेगळी चूल कशाला, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटलें असेल. १९५६ च्या फेब्रुवारींत पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली तेव्हां सर्वपक्षीयांस एकत्र आणण्यांत त्यांचा पुढाकार होता, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं मात्र ते बारामतीहून काँग्रेसचे म्हणून लोकसभेवर गेले. माणूस मोठा होता, पण गुंता त्याहून मोठा होता. पराभवानंतर त्यांनीं जो प्रश्न स्वतःस विचारला, तो ‘आपल्या लोकांस सत्ता कोठून मिळेल’ हा होता. ज्या शेतकऱ्याचा खटला कज्जेदलालांच्या हातीं अडकलेला, ज्याचें नांव कुळाच्या नोंदींतून तलाठ्यानें उडविलेलें, त्याला मात्र या उत्तरानें त्या दिवशीं कांहीं मिळालें नाहीं.

उस्मानाबादेकडे विचार झाला तो याच शेतकऱ्याच्या बाजूनें. मराठवाड्याची परिस्थिति पुण्याहून अगदींच निराळी होती. येथें ब्राह्मणेतर चळवळीचा तो जोर नव्हता. येथील कार्यकर्ता तयार झाला तो निजामाच्या राजवटीशीं झगडतांना. जहागिरी १९४९ सालीं गेल्या, १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा आला, ‘संरक्षित कूळ’ हा शब्द खेडोपाडीं पोंचला. पण कागदावरचें संरक्षण आणि बांधावरचें संरक्षण यांत जें अंतर असतें तें तोडण्यास कोणीतरी माणूस लागतो. वकील, साक्षीदार, अर्ज लिहून देणारा, तहसिलींत बरोबर येणारा. तो माणूस गांवोगांवीं शेतकरी कामगार पक्षाचा ‘भाई’ झाला. दाभाडीचा प्रबंध त्यानें वाचला होता कीं नाहीं, याची चौकशी त्याच्या अशिलांनीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

उद्धवरावांचें वैशिष्ट्य असें कीं, ते या दोन्ही जगांत वावरले. हैदराबादच्या विधानसभेंत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा भाषांतून भाषणें होत. त्या बहुभाषी सभागृहांत मराठी शेतकऱ्याची बाजू मांडणें आणि सुटींत जिल्ह्यांत परतून मोर्चा काढणें, हीं दोन्ही कामें त्यांनीं सारख्याच निष्ठेनें केलीं. १९५४ सालीं पुण्याचे पुढारी परत गेले तेव्हां त्यांनाहि जातां आलें असतें. ते गेले नाहींत. पक्षाचें नेतृत्व त्यानंतर हळूहळू अशाच दुसऱ्या फळीच्या हातीं आलें : मराठवाड्यांत उद्धवराव आणि कंधारचे केशवराव धोंडगे, कुलाब्याकडे दि. बा. पाटील, आणि पुढें ना. ज्ञा. उर्फ एन. डी. पाटील, कृष्णराव धुळप, सांगोल्याचे गणपतराव देशमुख. हीं नांवें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानांत येते. प्रत्येकाच्या मागें एक तालुका आहे.

१९५७ च्या निवडणुकींत पक्षानें १९५२ चा धडा गिरविला. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर सर्व विरोधी पक्षांनीं एका मतदारसंघांत एकच उमेदवार उभा केला आणि द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेंत शेतकरी कामगार पक्षाचे ३१ सभासद निवडून आले. पक्षाच्या आयुष्यांतील हा सर्वांत मोठा आंकडा. त्यांतहि लक्ष देण्याजोगी गोष्ट ही कीं, समितीची लाट पश्चिम महाराष्ट्रांत उसळली, तशी मराठवाड्यांत उसळली नाहीं. तेथें काँग्रेसचेंच पारडें जड राहिलें. उस्मानाबादची लोकसभेची जागा काँग्रेसचे व्यंकटराव नळदुर्गकर यांनीं जिंकली. त्याच उस्मानाबादेंतून विधानसभेवर मात्र उद्धवराव पाटीलच गेले. म्हणजे हें यश लाटेचें नव्हतें. पांच वर्षांच्या कामाचें होतें.

परंतु १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्र राज्य झालें आणि ज्या मागणीनें पक्षास उभारी दिली ती पुरी होऊन गेली. मागणी पुरी झाली म्हणजे तिच्यावर जगणाऱ्या पक्षाचें काय होतें, याचें उत्तर १९६२ सालीं मिळालें. २६४ जागांपैकीं काँग्रेसला २१५ आणि शेतकरी कामगार पक्षास १५. गंमत अशी कीं, एवढ्या पंधरांच्या बळावरहि तो सभागृहांतील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले आणि १९७२ पर्यंत त्या आसनावर राहिले.

या वेळचा पराभव १९५२ हून खोल होता, आणि त्याचें कारण सभागृहांत शोधून सांपडणारें नाहीं. तें अणदुरासारख्या गांवांतून शोधलें पाहिजे. यशवंतराव चव्हाणांच्या राजकारणास ‘बेरजेचें राजकारण’ म्हणत. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. सहकारी सोसायट्या, जिल्हा बँका, खरेदीविक्री संघ, साखर कारखाने यांचें जाळें पसरूं लागलें. पूर्वीं तालुक्यांतल्या कर्त्या तरुणास वर चढावयाचें तर मोर्चा आणि तुरुंग एवढीच शिडी होती. आतां सभापतीची खुर्ची आली, चेअरमनपद आलें, पीककर्ज मंजूर करण्याचा अधिकार आला. कर्ज काँग्रेसच्या सोसायटींतून घ्यावयाचें आणि मत लाल बावट्याला द्यावयाचें, हें एकदां जमतें, दोनदां जमतें. मुलाला नोकरी लावण्याची वेळ आली म्हणजे जमत नाहीं. साताऱ्याकडील यशवंतराव मोहिते हे पक्षाचे कर्तबगार आमदार १९६० सालींच काँग्रेसमध्यें गेले आणि पुढें मंत्री झाले. त्यांच्यामागून किती गेले याची मोजदाद कठीण.

अणदुरांत याच काळांत शाळा आली, पुढें महाविद्यालय आलें. जवाहर विद्यालय हें नांवच त्या संस्थेची निष्ठा सांगतें. आलुरे गुरुजींनीं या भागांतील मुलांसाठीं जें शिक्षणाचें काम केलें, त्याचा उपयोग कोणत्याहि पक्षाच्या घरांतील मुलांना झाला, हें त्यांच्या विरोधकांनाहि मान्य करावें लागेल. नळदुर्गास तुळजाभवानीच्या नांवानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शाळा, बँक आणि कारखाना या तीन खांबांवर काँग्रेसचें घर उभें राहिलें. शेतकरी कामगार पक्षाजवळ तसलें घर नव्हतें. त्याच्याजवळ मागणी होती आणि मागणी करणारे होते. पुढें हा कारखानाहि कित्येक हंगाम बंद पडून राहिला आणि सभासदांच्या उसाचे हाल झाले, तेव्हां मागणी करणाऱ्यांची आठवण लोकांस झाली असेल. पण तें बरेंच पुढचें.

येथें पक्षाची एक चूक स्पष्ट सांगितली पाहिजे. सहकारी संस्था हें भांडवलदारीचें नवें रूप आहे अशी टीका त्याचे वक्ते व्यासपीठावरून करीत राहिले; ती कांहीं अंशीं खरीहि होती. परंतु शेतकऱ्यास पाणी, बियाणें आणि भाव हवा होता, आणि तो जेथून मिळेल तेथें तो जाणार. गणपतराव देशमुखांनीं हें ओळखलें. सांगोल्यासारख्या अवर्षणी तालुक्यांत त्यांनीं शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती नीट चालवून दाखविली. सहकारावर टीका करणाऱ्यांच्याच पक्षांतून सहकाराचा एक चांगला नमुना निघाला. उस्मानाबादेकडे असें कांहीं उभें राहिलें नाहीं. तेथें पक्ष मुख्यतः उद्धवरावांच्या शब्दावर चालला.

१९७२ सालीं काँग्रेसला २७० पैकीं २२२ जागा मिळाल्या आणि पक्ष सातावर आला. सांगोल्यांत स्वतः गणपतरावहि पडले. पण त्याच वर्षीं महाराष्ट्रावर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यांत उस्मानाबाद, सोलापूर, बीड हे जिल्हे होरपळून निघाले. खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मजुरीचा, कामावरच्या धान्याचा आणि जनावरांच्या चाऱ्याचा प्रश्न रोजचा झाला. विरोधी पक्षांचे मोर्चे ठिकठिकाणीं निघूं लागले आणि त्यांत लाल बावटा पुढें होता. दि. बा. पाटील या वेळीं विरोधी पक्षनेते होते. रोजगार हमीची कल्पना काँग्रेसचे वि. स. पागे यांची, पण तिला कायद्याचें रूप येईपर्यंत सभागृहांत आणि रस्त्यावर जो दाब राहिला, त्यांत या हरलेल्या पक्षाचा वांटा मोठा होता. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. सातच आमदारांच्या पक्षानें याहून अधिक तें काय करावें ?

त्या कामाची परतफेडहि झाली. आणीबाणीनंतर १९७७ सालीं लोकसभेच्या निवडणुका झाल्या तेव्हां पक्षाचे पांच सभासद निवडून आले : कुलाब्याहून दि. बा. पाटील, कोल्हापुराहून दाजीबा देसाई, नांदेडहून केशवराव धोंडगे, परभणीहून शेषराव देशमुख आणि लातुराहून उद्धवराव पाटील. पांचांत तीन मराठवाड्याचे. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. वेगळा जिल्हा १९८२ सालीं झाला. पुढच्या वर्षीं विधानसभेंत तेरा जागा मिळाल्या, शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळांत पक्ष सामील झाला आणि एन. डी. पाटील, गणपतराव देशमुख मंत्री झाले. जन्मापासून तीस वर्षांनीं सत्तेचें हें पहिलें दर्शन. १९८० च्या फेब्रुवारींत तें सरकार बरखास्त झालें. त्याच्या आधींच, जानेवारींत, लोकसभेच्या पांचहि जागा गेल्या होत्या. लातुरास शिवराज पाटील निवडून आले.

दुसऱ्याच्या घरीं पाहुणचार घेण्याचा हा प्रसंग पक्षावर पुढेंहि आला. १९९९ सालीं पांच आमदारांसह तो विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळांत बसला आणि २००२ सालीं पाठिंबा काढून बाहेर आला. खंडोबा मैलारपुरास जातो तो करार करून, ठरलेल्या मुदतीसाठीं, आणि अणदूरचें देऊळ त्याचेंच राहतें. राजकीय आघाड्यांना असला करारनामा नसतो. परत येईपर्यंत मूळ देवळांतले पुजारीच पांगलेले असतात.

१९८४ सालीं उद्धवराव पाटील निवर्तले. त्यांच्या पश्चात् जिल्ह्यांत पक्ष लगेच संपला नाहीं. उलट १९८५ सालीं, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची काँग्रेसची लाट ओसरली नसतांहि, राज्यांत पक्षाला तेरा जागा मिळाल्या आणि तुळजापुरांतून माणिकराव खपले निवडून आले. १९९० सालीं अणदूरच्या मधुकररावांनीं ती जागा घेतली. १९९५ सालीं खपल्यांनीं ती परत मिळविली, जेव्हां राज्यांत पक्षाचे सहाच आमदार आले होते आणि सांगोला देखील हातचा गेला होता. तुळजापूरच्या शेतकऱ्याची ही निष्ठा थोर म्हटली पाहिजे. परंतु १९९९ नंतर ती जागा पक्षाला पुन्हां मिळाली नाहीं.

याचें कारण मतदारांत शोधणें व्यर्थ आहे. उद्धवरावांच्या वेळचा कार्यकर्ता निजामाशीं लढून आणि कुळांचे खटले चालवून घडला. त्यानंतरच्या पिढीस घडविणारें काम पक्षानें हातीं घेतलें नाहीं. शेतमालाच्या भावाचा प्रश्न १९८० च्या आगेमागें शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनें उचलला. तरुणांचा राग मराठवाड्यांत १९८५ नंतर शिवसेनेकडे वळला. दोन्ही प्रश्न शेतकरी कामगार पक्षाच्या अंगणांतलेच होते. त्याचे जाणते पुढारी सभागृहांत अभ्यासपूर्ण भाषणें करीत राहिले, पण अंगणांत तोवर दुसऱ्यांचे मांडव पडले. पुढारी वृद्ध झाले, आणि त्यांच्या जागीं बसणारे बहुधा त्यांच्याच घरांतून आले. ज्या पक्षानें देशमुखीपाटीलकीविरुद्ध भाषणें केलीं, त्याचें वारसपत्रहि शेवटीं घराण्यांच्याच नांवानें लिहिलें गेलें.

विधानसभेच्या निकालांतून ही उतरण दिसते : २००४ सालीं दोन, २००९ सालीं चार, २०१४ सालीं तीन, २०१९ सालीं एक. सांगोल्याहून अकरा वेळां निवडून आलेले गणपतराव वार्धक्यामुळें २०१९ सालीं उभे राहिले नाहींत आणि त्यांच्या नातवाचा ७६८ मतांनीं पराभव झाला. रायगडांतला बालेकिल्लाहि त्याच वर्षीं ढासळला. गणपतराव २०२१ सालीं गेले, एन. डी. पाटील २०२२ सालीं.

त्याच २०१९ सालीं अणदूरच्या घरींहि पराभव आला. सलग चार वेळां निवडून आलेले आणि राज्याचे पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्री राहिलेले मधुकरराव चव्हाण तुळजापुरांत भारतीय जनता पक्षाच्या राणाजगजितसिंह पाटलांकडून पडले. शाळा, बँक आणि कारखाना यांच्या खांबांवरचें घर ज्या दिवशीं हललें, त्या दिवशीं काँग्रेसच्या कार्यकर्त्यांपुढेंहि तोच प्रश्न येऊन उभा राहिला, जो १९५२ सालीं लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांपुढें होता. कोणी जेध्यांच्या वाटेनें सत्तेच्या घरीं गेले, कोणी राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरांत राज्यांत काँग्रेसला २८८ पैकीं १६ जागा मिळाल्या. १९५२ सालच्या शेतकरी कामगार पक्षापेक्षां दोनच अधिक.

शेतकरी कामगार पक्षापुरतें त्या वर्षीं दोन प्रसंग घडले. जुलैंत विधान परिषदेची निवडणूक झाली. तिच्यांत मतदार आमदार असतात, आणि पक्षाजवळ स्वतःचा आमदार एकच होता. सरचिटणीस जयंत पाटील मित्रपक्षांच्या मतांच्या भरंवशावर उभे राहिले आणि पडले. चार महिन्यांनीं विधानसभेची निवडणूक झाली. मित्रपक्षांनीं सांगोल्याची जागा सोडली नाहीं, शिवसेनेच्या दोन्ही गटांचे उमेदवार समोर उभे राहिले, आणि त्यांतून डॉ. बाबासाहेब देशमुख लाल बावट्यावर निवडून आले.